दोघांपुरती गाडी

३ ऑक्टोबर

भावोजी,

आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, पण मनात नसलेलं लिहायची मला सवय नाही म्हणून कागद बदलला. हा दुसरा कागद. यावर नुसतं भावोजी.

फोन तुम्ही उचलत नाही. तुमची बायको उचलते, 'ते बाहेर गेलेत' म्हणते आणि तिच्या मागे तुमचा खोकला ऐकू येतो. तो खोकला मी ओळखते, या घरात पुष्कळ ऐकलाय. पत्राचं तसं नसतं. ते दारात येऊन पडतं आणि तुम्ही नाही वाचलं तर जाऊबाई वाचतील. जाऊबाई, मी तुम्हाला पाहिलेलं नाही, लग्नाला आम्हाला कोणी बोलावलं नाही, पण तुमच्यावर माझा राग नाही. पुढचं सगळं तुमच्या नवऱ्यासाठी आहे.

आता कामाचं. गॅरेजची शेड सोडावी लागणार. जागामालकाच्या मुलाला तिथे इमारत बांधायची आहे आणि वर्ष संपायच्या आत त्याला जागा मोकळी हवी. तुमच्या दादांनी काम बंद केलंय, हे तुमच्या कानावर गेलं असेलच. वेल्डिंगचं मशीन गेलं, चेनपुली तेवढी अजून लटकतेय. आणि राहिली आहे अप्पांची गाडी. म्हणजे अर्धी. सांगाडा, दारं, चाकं, टपाच्या कमानी आमच्याकडे आणि इंजिन, गिअरबॉक्स तुमच्याकडे. लोक घर वाटून घेतात, भांडी वाटून घेतात. एक गाडी अर्धी अर्धी वाटून घेणारे तुम्ही दोघे भाऊच मी पाहिले. अप्पांनी ती त्या बंद बंगल्याच्या आवारातून ओढत आणली तेव्हा 'दोघांची आहे, दोघांनी मिळून उभी करा' असं म्हणाले होते. तुम्ही त्यातलं 'दोघांची' एवढंच ऐकलंत.

आता गिऱ्हाईक आलंय. एक बाई आहेत, जुन्या गाड्या नव्याने उभ्या करायचं त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. फोनवर त्यांनी सांगितलं की या बनावटीच्या गाड्या मुळात थोड्या निघाल्या आणि उघड्या टपाच्या तर बोटावर मोजण्याइतक्या. पण त्यांना गाडी पुरी हवी. इंजिनवरचा नंबर गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला तर ती गाडी, नाहीतर नुसता पत्रा, असं त्यांचं म्हणणं. नुसता पत्रा घ्यायला दुसरा एक जण तयारच आहे. तो गॅस कटर घेऊन येणार, दारं वेगळी करणार, पुढचा मुखडा वेगळा कापणार आणि बाकीचं वितळवायला पाठवणार. परवा येऊन मापं घेऊन गेला.

मला त्या गाडीचं काही नाही. तिने यांचे सगळे रविवार खाल्ले. ती भंगारात गेली तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस येणार नाही. पण यांना ती पुरी जायला हवी आहे. तसं ते बोलले नाहीत, ते कुठलीच गोष्ट बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. तो कटरवाला मापं घेऊन गेला त्या दिवशी हे जेवले नाहीत, त्यावरून मी ओळखलं.

आणि जेवणाचा विषय निघालाच आहे तर तुम्हाला आठवण करून देते. या घरातून तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. पहिला घास हातात होता. समोरच्या भिंतीकडे बघितलंत, घास ताटात ठेवलात, हात धुतलेत आणि जिना उतरलात. मी ते ताट किती वेळ तसंच झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून इंजिन उचललंत आणि मला 'येतो' सुद्धा म्हणाला नाहीत.

भिंतीवर काय होतं? आमचा फोटो. आदल्या दिवशीच फ्रेम होऊन आला होता. तुम्ही सुटे भाग शोधायला बाहेरगावी गेला होतात, तेव्हा यांनी मला चांगले कपडे घालायला लावून शेडमध्ये नेलं. खालच्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. गाडीचं दार उघडून मी सीटवर बसले, पाय बाहेर सोडून, आणि पलीकडे हे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नंतर दार काही केल्या लागेना. हे म्हणाले, राहू दे, जुनी गाडी आहे. मला काय, मी खूश होते. तुम्हाला तेवढंही बघवलं नाही. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आलेय आणि तुम्हालाही आज तोंडावर सांगते.

त्यात गाडी बिघडवली होती तुम्हीच. गाडी उचलून ज्यांवर टेकवतात त्या लोखंडी घोड्या चुकीच्या जागी लावल्यात आणि गाडी मधून बसली, हे अप्पांच्या समोर ठरलं होतं. चूक तुमची आणि रुसून गेलात तुम्ही.

इंजिन पाठवा. भाडं आम्ही देऊ.

वहिनी

१९ ऑक्टोबर

भावोजी,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर 'इंजिन द्यायचं नाही' एवढेच तीन शब्द लिहायला तुम्हाला इतके दिवस लागले. खाली सही नाही, वर नाव नाही. वीज मंडळाची नोटीस याहून मायेने लिहिलेली असते.

कोपऱ्यात बारीक अक्षरात जाऊबाईंनी लिहिलंय, की तुम्ही दर रविवारी त्या इंजिनाला हँडल घालून फिरवता, गंजून जाम होऊ नये म्हणून. वाचून माझं डोकंच फिरलं. कशासाठी फिरवता? त्याला ना चाकं, ना गाडी. इकडे हे रविवारी खाली शेडमध्ये, तिकडे तुम्ही रविवारी इंजिनाशी, आणि मधल्यामधे दोन बायका जेवण गरम करत बसलेल्या. जाऊबाई, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं.

तुम्ही गेल्यावर यांनी काय केलं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नसेल. मी सांगते. उघड्या गाडीला छप्पर नसतं, त्यामुळे सगळा भार दाराखालून जाणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांवर असतो, हे मला आता झोपेतही म्हणता येतं. ते पट्टे गंजले होते, म्हणून बदलायला कापले होते. कापलेले असताना दाराच्या मोकळ्या जागेत आडवा दांडा वेल्डिंग करून ठेवायचा, म्हणजे गाडी मधून बसत नाही. दांडे होते. तरी गाडी बसली, कारण घोड्या तुमच्या. मग यांनी खालून जॅक लावून ती केसाकेसाने वर उचलली. एका रविवारी इतकुसं, मग थांबायचं, मापायचं, दार लावून बघायचं. घाई केली तर पत्रा फाटतो म्हणायचे. अप्पा गेले तेव्हाही ते अर्धवटच होतं.

दार आता लागतं. एका बोटाने लागतं. ते लागायला लागलं तेव्हाच यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. पाना नटवर ठेवायला जातात तर पाना नटभोवती नाचतो. मला हाक मारत नाहीत. मी जिन्यात उभी राहून बघते आणि परत वर येते.

तुम्ही बिघडवलेलं ज्याने इतकी वर्षं खपून सरळ केलं, त्याला तुम्ही 'द्यायचं नाही' लिहिता. त्या बाई अठ्ठावीस तारखेच्या रविवारी गाडी बघायला येणार आहेत. त्यांना मी काय सांगू? की इंजिन आहे, पण ते माझ्या दिराच्या मांडीवर बसलंय?

नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन, यांच्या समोर उभं राहून म्हणा.

वहिनी

रविवार, २८ ऑक्टोबर

भावोजी,

हे पत्र तुमच्यावर रागावून लिहीत नाही. आज राग दुसऱ्या कोणावर तरी आहे. हे खाली शेडमध्ये बसलेत आणि मी वर दाराला आतून कडी लावून लिहितेय.

बाई सकाळी आल्या. बारीक चणीच्या, केस कापलेले, कमरेला टॉर्च. आल्या आल्या गाडीशेजारी सतरंजी टाकून आडव्या झाल्या आणि खाली शिरल्या. बराच वेळ नुसता टॉर्चचा उजेड फिरत होता. हे शेजारी स्टुलावर, हात मांडीखाली दाबून. हात दिसू नयेत म्हणून ते तसे बसतात. बाई बाहेर आल्या, दार एका बोटाने लावलं, उघडलं, परत लावलं आणि म्हणाल्या, "हे काम कोणी केलं?"

हे म्हणाले, "मीच."

"सुरेख केलंय," बाई म्हणाल्या. मी तेव्हा चहा घेऊन खाली येत होते आणि मला बरं वाटलं, ते लपवत नाही.

काढलेले दोन्ही दांडे यांनी भिंतीला टेकवून ठेवलेत. टाकून देत नाहीत. बाईंनी त्यातला उजव्या बाजूचा उचलला, टोकं बघितली आणि सहज विचारलं, "हा दोनदा जोडलाय का? डाव्याला एकच टाका आहे, याला कापून परत मारलाय."

हे म्हणाले, "हो. मधे एकदा मी कापला होता. फोटो काढायचा होता."

साखर किती घालू विचारल्यावर सांगतात तसं म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. म्हणून यांनी त्यांना समजावून सांगितलं. मला नाही, त्यांना. "धाकटा बाहेरगावी गेला होता. दांडा असला की दार उघडून बसता येत नाही. म्हणून ग्राइंडरने कापला. आम्ही दोघं आत बसलो आणि गाडी मधून खाली आली. पट्टे कापलेले होते ना. मग तो येण्याआधी दांडा परत जोडून टाकला, गाडी होती तशी, वाकलेलीच."

"आणि भावाला?" बाईंनी विचारलं.

"त्याला वाटलं, घोड्या चुकल्या."

माझ्या हातात ट्रे होता. तो मी गाडीच्या बॉनेटवर ठेवला. त्या बॉनेटवर आजवर कोणी हातरुमालसुद्धा ठेवलेला नाही. चहा सांडला. यांनी उठून पुसलाही नाही. मी जिना चढून वर आले.

बाई गेल्यावर हे आले. मी विचारलं, "अप्पांच्या समोर त्याला बोल लावलेत तेव्हा जीभ कशी झडली नाही?"

म्हणाले, "सांगणार होतो."

"कधी?"

"आधी दार लागू दे, मग सांगू असं वाटलं."

भावोजी, तुम्ही ऐकताय ना? आधी दार लागू दे. भाऊ घर सोडून गेला, बाप त्याची वाट बघत बघत गेला, आणि हा माणूस दार लागायची वाट बघत होता. मी म्हटलं, "आणि दार लागल्यावर?" मी त्यांना खोलीबाहेर काढलं.

मग मी फोटो खाली उतरवला आणि खिडकीशी नेऊन बघितला. इतकी वर्षं रोज त्याच्यावरची धूळ पुसलीय, पण त्यात मी फक्त मला बघत होते. हसतेय. पाय बाहेर सोडलेत, नव्या चपला दिसाव्यात म्हणून. आणि दाराच्या जागी, माझ्या गुडघ्यांसमोर, जिथे तो दांडा असायला हवा, तिथे काही नाही.

तुम्ही ते एका नजरेत बघितलंत. हातात घास होता.

आज यापुढे लिहवत नाही.

५ नोव्हेंबर

भावोजी,

यांच्याशी माझं बोलणं बंद आहे. वाढते, ताट समोर ठेवते, गोळ्या बशीत ठेवते. तेवढ्यावर चाललंय.

आता तुमची पाळी. यांच्या हिश्शाचा राग त्यांना मिळाला, तुमच्या हिश्शाचा तुम्ही घ्या.

तुम्ही का बोलला नाहीत? तुम्हाला आधी स्वतःलाच वाटत होतं की घोड्या चुकल्या. अप्पा ऊठसूट म्हणायचे, तू हात लावशील तिथे वाकडं, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. रात्रंदिवस गाडीखाली पडून मापं घ्यायचात, कुठे चुकलं म्हणून. मी बघितलंय. मग फोटो समोर आला आणि तुम्हाला सगळं कळलं. अप्पा तुमच्या शेजारी जेवत होते. एक वाक्य पुरे होतं. 'दादा, फोटोत दांडा कुठाय?' एवढंच म्हणायचं होतं. पण तुम्ही घास खाली ठेवून निघून गेलात आणि मोठेपण मिळवलंत.

मी खूप विचार केला आणि मला वाटतं, ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी गिळलंत. बोलला असतात तर पुढचं वाक्य 'वहिनीला बसवायला कापला' असं आलं असतं, आणि अप्पांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता. घरात नवीन आलेली, फोटोत हसणारी मी. ते मला कधी विसरू देणार नव्हते.

खरं असेल तर सांगते, मला त्याचा राग येतो. मला वाचवा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मला विचारलंत? मी अप्पांचं ऐकून घेतलं असतं, दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी त्यांना उलट बोलले असते. त्याऐवजी तुम्ही दोघा भावांनी मला काही कळू न देता त्या फोटोखाली बसवून ठेवलंत. आल्यागेल्याला मी तो कौतुकाने दाखवत होते. आणि येता जाता तुमच्या नावाने खडे फोडत होते. तुम्ही लांबून ते फोडू दिलेत. तो मोठेपणा नाही, भावोजी. ती शिक्षा आहे, आणि ती मला दिलीत.

यांना मी काल कागद-पेन दिलं. न बोलता पुढ्यात ठेवलं, त्यांना समजलं. दुपारभर बसले होते. अक्षर हातामुळे वेडंवाकडं आलंय, तो कागद सोबत जोडते. मी वाचलाय. त्यात लिहिलंय, 'प्लगची भोकं बंद करून आण. वाटेत पाणी जाता कामा नये. ताडपत्रीखाली गोधडी घाल.' याला हे माफीचं पत्र समजतात. 'पाठव' लिहिलेलं खोडून 'आण' केलंय, ते तुम्हाला दिसेल. मी सांगितलेलं नाही.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाडी भंगारात गेली तरी मला काही नाही. ते खोटं होतं. तिच्या टपाचं कापड मी शिवून ठेवलंय. गॅरेजसाठी सीटची कव्हरं शिवायचे त्याच मशीनवर, दुहेरी शिलाई, मागच्या खिडकीला वेगळी किनार. कमानींवर घालून यांनी मला हाक मारली, की ये बघ, एक सुरकुती नाही. त्या दिवशी आम्ही दोघं गाडीभोवती फिरलो, हात मागे बांधून, कुठे हात न लावता. ते कापड ट्रंकेत आहे. कटरवाल्याला ते फुकट नेता येईल, गॅस मारताना अंगावर घ्यायला.

बाईंचा निरोप आहे, महिनाअखेरपर्यंत त्या थांबतील. नंतर शेड पाडणाऱ्यांना मी 'थांबा' म्हणू शकणार नाही.

म्हणून सांगते, इंजिन पाठवू नका. घेऊन या. गाडी तुमचीही आहे. विकायची की नाही हे दोघांनी तिच्या शेजारी उभं राहून ठरवा. भांडायचं असेल तर भांडा, मी मधे पडणार नाही. पण आधी वर येऊन जेवायचं आणि मग भांडायचं. हा क्रम चुकवलात तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनी

२६ नोव्हेंबर

भावोजी,

तुम्ही गेलात, टेम्पोचा आवाज कोपऱ्यावरून वळला आणि मला राग आला. तुम्ही समोर होतात तेव्हाच यायला हवा होता. पण तेव्हा मी तुमचे पांढरे झालेले केस बघण्यात गुंतले होते.

इतक्या वर्षांनी भाऊ भावाला भेटतो तेव्हा काय बोलतो हे ऐकायला मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. तुम्हाला माहीत नसेल. मी सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात, "चेनपुली धरते का अजून?" हे म्हणाले, "धरते." मग गोधडी काढलीत. मग "डावीकडे घे", "जरा खाली", "बोट सांभाळ". मग पान्यांचे नंबर. त्यांचा हात थरथरायला लागला की तुम्ही काही न बोलता त्यांच्या हातावर हात ठेवत होतात आणि नट दोघांच्या हातांनी फिरत होता. मी वाकून बघितलं म्हणून दिसलं. पण तोंडाने काय? 'हा घे' आणि 'तो दे'. घर मोडलं त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी मी खाली येऊन यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "माफी मागितलीत का?"

म्हणाले, "मागितली."

"कधी? मी ऐकलं नाही."

"त्याला दार लावून बघ म्हटलं."

ते मी बघितलं होतं. तुम्ही उजव्या दाराशी कितीतरी वेळ नुसते उभे होतात. मग एक बोट लावलंत. दार लागलं, आवाजसुद्धा झाला नाही. उघडलंत, परत लावलंत. परत उघडलंत. मग पाठ फिरवून रुमालाने नाक पुसलंत आणि म्हणालात, "वायसर कुठे ठेवलेत?"

असं असतं का कुठे? पाच मिनिटं समोरासमोर बसून रडला असतात तर काही बिघडलं नसतं. मला कोण काय म्हणालं? माझ्याशी दार लावून-उघडून कोणी बोललं नाही. यांनी मला काल सकाळी चहा करून दिला, अर्धा बशीत सांडलेला. ही यांच्या बाजूची माफी. मी तो चहा प्यायले, म्हणजे माफ केलं असं त्यांनी समजू नये, हे मी त्यांना सांगितलंय. बोलायला लागले आहे, पण ते रागवायला सोपं पडावं म्हणून.

आणि तुम्ही. वर आलात, हात धुतलेत, ताटावर बसलात. मी मुद्दाम तीच भाजी केली होती, तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. शेवटच्या घासापर्यंत जेवलात, ताट पुसून घेतलंत. मी वाढताना हात थांबवत होते, बोलाल म्हणून. तुम्ही समोर भिंतीकडे बघितलंत. तिथे फोटोच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय आणि वर खिळा. तुम्ही विचारलंत, "फोटो कुठे गेला?"

मी म्हटलं, "काढला."

म्हणालात, "लावा परत, वहिनी. चांगला आलाय."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. नळ सोडून ठेवला, तुम्हाला वाटलं असेल भांडी घासतेय. इतकी वर्षं, भावोजी. अप्पांचे बोल, तो टेम्पो, तुमचं आमच्याशिवाय झालेलं लग्न, दर रविवारचं ते हँडल, आणि वर 'चांगला आलाय'. मला तिथल्या तिथे तुम्हाला रागवायचं होतं आणि शब्द सुचला नाही. आता सुचतायत, पण तुम्ही दूर गेलात. म्हणून हे पत्र, कारण माझा राग फुकट जाता कामा नये.

काल बाई ट्रक घेऊन आल्या. इंजिनचा नंबर पुस्तकाशी ताडून बघितला, जुळला. तुम्ही कागदावर आधीच सही करून गेला होतात, खाली यांनी केली. यांची सही ओळीबाहेर गेली, बाईंनी ती चालवून घेतली. टपाचं कापड मी ट्रंकेतून काढून दिलं. त्यांनी उलगडून शिलाईवरून बोट फिरवलं आणि घडी घालून स्वतःच्या सीटवर ठेवलं, मागे ट्रकमध्ये टाकलं नाही. गाडी ताडपत्रीखाली निघून गेली. हे रस्त्याच्या कडेला उभे होते, हात मोकळे सोडून. ते थरथरत होते आणि यांनी लपवले नाहीत.

शेड रिकामी झालीय. दांडे दोन्ही मी कटरवाल्याला देऊन टाकले. हे बघत होते, पण माझ्याकडून ते परत मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

बाईंनी जाताना सांगितलं की गाडी रस्त्यावर आली की दुसऱ्या कोणाला द्यायच्या आधी एक दिवस त्या ती आमच्या दारात आणतील, टप उघडून. म्हणाल्या, "तुम्ही तिघं बसून एक चक्कर मारून या." घेणाऱ्या बाईंनीच विसरावं, याची मला गंमत वाटली. त्या गाडीत जागा दोघांपुरतीच आहे.

तुम्ही या. जाऊबाईंना घेऊन या, त्यांच्याशी मला बरंच बोलायचंय आणि त्यातलं अर्धं तुमच्याबद्दल आहे. मी पहिल्याइतक्याच रागाने तुमची वाट बघेन. जेवण आधी, हा नियम कायम.

फोटो मी लावलेला नाही आणि लावणार नाही. खिळा तसाच ठेवलाय. खालचा स्टुडिओवाला म्हातारा झालाय पण त्याचा कॅमेरा चालतो, मी विचारून आले. त्या दिवशी तुम्ही आणि हे गाडीत बसा, पाय आत घ्या, दार लावा. त्याला मी सांगितलंय की लागलेलं दार फोटोत नीट दिसलं पाहिजे.

मी बाहेर उभी राहीन. मी एकदा बसले होते, तेवढं पुरे.

वहिनी